राजगृह : ग्रंथांसाठी बांधलेले घर

हर्सूलच्या तलावाखालून वाहत येणारी खाम नदी शहराच्या कडेकडेने पुढे जाते. पाणचक्कीच्या परिसरात नदीवरील जुना पूल ओलांडला की पलीकडे नागसेनवनाची झाडी लागते. हर्सूलकडच्या मुलांना हा भाग परका नाही. या गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून निघालेल्या कित्येक मुलामुलींचे शिक्षण याच झाडीतल्या इमारतींमध्ये झाले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० च्या जून महिन्यात येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून सर्वांस परिचित झाले. निजामी राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. पदवीसाठी दूर हैदराबादची वाट धरावी लागे आणि गरीब घरातल्या मुलाला ती वाट बहुधा बंदच असे. अशा काळात बाबासाहेबांनी या माळावर विद्येचे झाड लावले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी महाविद्यालय, वसतिगृह आणि ग्रंथालय उभारणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी जे घर बांधले ते कसे होते? हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पडला तो हर्सूल येथील एका सेवानिवृत्त गुरुजींमुळे. गुरुजी साठच्या दशकात मिलिंदचे विद्यार्थी होते. दीक्षाभूमी, चैत्यभूमी या ठिकाणी ते अनेकदा जाऊन आले आहेत. मात्र दादरचे 'राजगृह' त्यांनी सावकाशपणे असे कधी पाहिले नव्हते. ६ डिसेंबरच्या गर्दीत दारावरून दर्शन घेऊन पुढे सरकावे लागे. "साहेब, पुतळ्यापुढे हात जोडून झाले. आता ते जेथे बसून वाचीत ती जागा एकदा पाहावयाची आहे," असे ते म्हणाले, आणि एका साध्या आठवड्यात, गर्दीचे दिवस टाळून, आम्ही दोघे देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईस निघालो.

दादर पूर्वेची शांत गल्ली

शहरापासून मुंबई रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. रात्री गाडीत बसले की सकाळी दादर येते. स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडून थोडे चालले की हिंदू कॉलनीच्या झाडांनी झाकलेल्या गल्ल्या लागतात. बाजूच्या रस्त्यावरील वाहनांचा कल्लोळ येथे येईपर्यंत पुष्कळ ओसरतो. याच वसाहतीत 'राजगृह' ही तीन मजली वास्तू उभी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती दादरच्या इतर जुन्या घरांसारखीच एक वाटेल. तिच्यात राजवाड्याचा थाट नाही. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मी याहून मोठे समजत होतो."

घर मोठे का नाही, आणि तरीही त्या काळी ते मोठेच का होते, हे समजावयाचे असेल तर बाबासाहेब त्यापूर्वी जेथे जेथे राहिले त्या जागा ध्यानात घेतल्या पाहिजेत.

खोली, जाते आणि कंदील

सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह साताऱ्याहून मुंबईस आले ते परळच्या डबक चाळीत. एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा आणि तोच अभ्यास. चरित्रकारांनी त्या खोलीचे जे वर्णन केले आहे त्यात घरात बांधलेली शेळी आहे, दगडी जाते आहे आणि रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासास उठविणारे वडील आहेत. दिवसा त्या खोलीत पुस्तक उघडून बसण्याइतकी मोकळी जागा नव्हती. घर निजले म्हणजेच जागा मोकळी होई. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले ते अशा अभ्यासावर.

पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळ येथील बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहावयास गेले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला होता, आणि श्रमिकांसाठी त्याने बांधलेल्या चाळी 'बीआयटी चाळी' या नावाने ओळखल्या जातात. पहिल्या क्रमांकाच्या चाळीतील दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे बिऱ्हाड १९३४ पर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे होते. कोलंबिया विद्यापीठातून परतलेला विद्वान, सिडनेहॅम महाविद्यालयाचा प्राध्यापक, लंडनचा डॉक्टर ऑफ सायन्स, बॅरिस्टर, महाडच्या सत्याग्रहाचा आणि गोलमेज परिषदेचा नेता, या सर्व अवस्थांत त्यांचा घरचा पत्ता हाच होता, ही गोष्ट आजच्या तरुणांना मुद्दाम सांगितली पाहिजे.

समुद्रात गेलेले ग्रंथ

जागेची ही अडचण केवळ माणसांची नव्हती, ती ग्रंथांचीही होती. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथे शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमविली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि त्यांचे सामान, त्यात जमविलेले ग्रंथ, दुसऱ्या बोटीने पाठविण्यात आले. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. बाबासाहेब सुखरूप पोहोचले, ग्रंथ मात्र समुद्राच्या तळाशी गेले.

सिडनेहॅम महाविद्यालयातील वेतनातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वास्तव्यात १९२१-२२ मध्ये ते उत्तर लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. दिवसाचा बहुतेक वेळ ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात आणि इतर ग्रंथालयांत जाई. तेथे दार उघडताच जावयाचे आणि दार बंद होईपर्यंत बसावयाचे, हा क्रम होता. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. हे त्या बैठकीचे फळ होय.

हे सर्व एका ओळीत मांडले म्हणजे राजगृहाचा अर्थ उलगडतो. लहानपणी अभ्यासाला रात्रीची वेळ उसनी घ्यावी लागली. तारुण्यात परक्या देशाच्या ग्रंथालयांत जागा मिळाली, परंतु ती संध्याकाळी सोडावी लागे. स्वतःचे ग्रंथ गाठीशी आले तेव्हा ते पाण्यात गेले. पुढे पुन्हा जमविले तेव्हा चाळीच्या दोन खोल्यांत मावेनात. वकिलीचा जम बसल्यावर या माणसाने घर बांधावयास घेतले ते माणसांबरोबरच ग्रंथांना निवारा मिळावा म्हणून.

राजगृहाची उभारणी

हिंदू कॉलनीत त्यांनी दोन भूखंड घेतले. एकावर 'चार मिनार' आणि दुसऱ्यावर 'राजगृह' अशा दोन इमारती उभ्या राहिल्या. राजगृह १९३३ मध्ये पुरे झाले. प्राचीन मगधाची राजधानी असलेल्या राजगृह नगरीचे नाव त्यांनी आपल्या घराला दिले. भगवान बुद्धांच्या वास्तव्याने पावन झालेली आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती जेथे भरली ती ही नगरी. १९५६ च्या धम्मदीक्षेला अद्याप दोन तपे अवकाश होता, तेव्हाच घरावर हे नाव कोरले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घराच्या आखणीत बाबासाहेबांनी स्वतः लक्ष घातले. खाली कुटुंबाच्या राहण्याच्या खोल्या आणि वर ग्रंथालय व कार्यालय अशी योजना होती. ग्रंथांची संख्या पुढे वाढत गेली आणि त्यांच्या हयातीत ती पन्नास हजारांच्या घरात गेली असे मानले जाते. एका व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून उभारलेल्या खासगी संग्रहांत याला तोड क्वचितच असेल. ग्रंथखरेदीचा आणि सार्वजनिक कार्याचा खर्च कमाईच्या पुढे धावे. अखेर १९४१ मध्ये देणी फेडण्यासाठी 'चार मिनार' विकावी लागली. राजगृह मात्र त्यांनी हातचे जाऊ दिले नाही.

या घराने सुखापेक्षा दुःखच अधिक पाहिले. ज्या माउलीने शेणाच्या गोवऱ्या थापून चाळीतला संसार चालविला त्या रमाबाई या घरात फार काळ राहू शकल्या नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली आणि जातिनिर्मूलनावरील त्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून ते दिल्लीस गेले, आणि पुढे संविधान सभेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांचे कार्य तेथेच झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा पार्थिव देह विमानाने मुंबईस आणून राजगृहात ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी याच दारातून अंत्ययात्रा निघाली आणि लाखोंच्या जनसागराने दादर चौपाटीवर आपल्या नेत्याला निरोप दिला.

तळमजल्याच्या खोल्यांत

आज राजगृहाच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे. वरच्या मजल्यांवर आंबेडकर कुटुंबीयांचे निवासस्थान असल्याने भेट देणाऱ्यांनी तळमजल्यापुरतेच थांबावयाचे असते. आत बाबासाहेबांच्या जीवनातील विविध प्रसंगांची छायाचित्रे, त्यांचा अस्थिकलश, आणि पलंग, चष्मा, हातातील काठ्या, नित्य वापरातील भांडी व ग्रंथ जतन करून ठेवले आहेत.

अशा वस्तूंपुढे प्रथम उभे राहणारा पाहुणा बहुधा गोंधळतो. किल्ला पाहताना तट आणि बुरूज दिसतात, लेणी पाहताना शिल्प दिसते. पण भांडे हे भांडेच असते आणि काठी ही काठीच. गुरुजी मात्र चष्म्यापुढे बराच वेळ उभे राहिले. ते शिक्षक होते. डोळ्यांवर किती ताण पडला म्हणजे माणूस वाचणे थांबवितो आणि किती पडला तरी थांबवीत नाही, हे त्यांना ठाऊक होते. बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि सांधेदुखीने ग्रासले होते. या काठ्या नुसत्या ऐटीच्या नव्हत, शेवटच्या काळात त्या आधाराच्या होत्या. प्रकृतीची अशी अवस्था असताना संविधानाच्या मसुद्याचे काम आणि नंतर बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाचे लेखन त्यांनी पुरे केले. कागदावर वाचलेली ही माहिती त्या काठीशेजारी उभे राहिल्यावर वेगळ्या तऱ्हेने समजते. निवासस्थानाच्या संग्रहालयाचा खरा उपयोग हाच होय.

थोड्या वेळाने गुरुजींनी हळूच विचारले, "पन्नास हजार पुस्तके म्हणता, ती गेली कोठे?"

हा प्रश्न राजगृहात येणाऱ्या पुष्कळांना पडत असावा. बाबासाहेबांच्या संग्रहाचा मोठा भाग पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. ज्या ग्रंथांसाठी चार मिनार विकली, ज्यांच्यासाठी घर बांधले, ते ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती गेले. हे ऐकून गुरुजी म्हणाले, "मग घर रिकामे झालेले नाही." पुढे त्यांनी सांगितले की मिलिंदमध्ये असताना रात्री वसतिगृहातला दिवा लवकर मालवू नये यासाठी मुले धडपडत, कारण घरी रात्रीचा दिवा कोणाकडेच नव्हता. डबक चाळीतला कंदील आणि नागसेनवनातला दिवा यांच्यामध्ये हे घर उभे आहे, एवढे त्या दिवशी आम्हां दोघांना उमगले.

घर राखणे आणि स्मारक बांधणे

थोरांच्या स्मृती दोन प्रकारे जपता येतात. एक, भव्य स्मारक उभारून, आणि दुसरे, ते राहिले ते घर होते तसे राखून. दोहोंची आवश्यकता आहे, परंतु दोहोंचे कार्य भिन्न आहे. दिल्लीत २६, अलीपूर रोड या जागी १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारकाचे उद्‌घाटन झाले. त्या इमारतीचा आकार उघडलेल्या संविधान-ग्रंथासारखा आहे. लाखो लोकांना एकत्र आणण्याचे, इतिहास विस्ताराने मांडण्याचे सामर्थ्य अशा वास्तूत असते. परंतु बाबासाहेब ज्या खोलीत बसत ती खोली केवढी होती, खिडकी कोणत्या बाजूस होती, जिन्याला पायऱ्या किती होत्या, हे नवे स्मारक सांगू शकत नाही. ते केवळ जुने घरच सांगते. स्मारक पुन्हा बांधता येते; घर एकदा पाडले की परत येत नाही.

घर राखण्याचे काम सोपे मात्र नाही. याचा अनुभव महाराष्ट्र शासनास थेट लंडनमध्ये आला. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील घर विक्रीस निघाले असता ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांनी ही बाब शासनाच्या निदर्शनास आणली. २०१५ मध्ये शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते, मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत, त्याचे स्मारक म्हणून उद्‌घाटन झाले. भाड्याने राहिलेल्या विद्यार्थ्याची खोली असल्याने त्याचे मूळ सामान तेथे असणे शक्यच नव्हते. म्हणून छायाचित्रे, ग्रंथ आणि त्या काळास अनुरूप मांडणी यांच्या साहाय्याने तेथील खोल्या सजविण्यात आल्या.

परंतु ब्रिटनमध्ये राहत्या घराचा वापर बदलावयाचा तर स्थानिक परिषदेची परवानगी लागते. संग्रहालय म्हणून वापर करण्यास काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास होतो, अशी त्यांची तक्रार होती. कॅमडेन परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. राहण्याजोगे एक घर कमी होते, हे तिचे एक प्रमुख कारण होते. संग्रहालय बंद करून घर पुन्हा निवासासाठी वापरावे, अशी वेळ येऊन ठेपली. शासनाने अपील केले, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर चौकशी झाली, आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या संबंधित मंत्र्यांनी संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला.

या प्रकरणात शेजाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे योग्य नाही. संग्रहालय झालेले घर हे गल्लीतले घरच असते. त्याच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागून असते आणि पलीकडे कोणाचे तरी मूल झोपलेले असते. म्हणून अशा वास्तूंचे रक्षण कायद्याने आणि पैशाने जेवढे होते तेवढेच ते पाहुण्यांच्या वागणुकीनेही होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे घेता येईल. त्या राष्ट्राचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पडझडीला आले होते. सरकार ते घेण्यास पुढे आले नाही. तेव्हा ॲन पामेला कनिंगहॅम या महिलेने १८५३ मध्ये स्त्रियांची संघटना स्थापन केली. देशभरातून वर्गणी गोळा करून या संघटनेने १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला ते घर विकत घेण्याचा करार केला आणि आजही तीच ते सांभाळते. लंडनच्या घरासाठी शासन पुढे आले, माउंट व्हर्ननसाठी नागरिक पुढे आले, आणि राजगृहाचे दार कुटुंबीयांनी स्वतः राहत असतानाही जनतेसाठी उघडे ठेवले. मार्ग वेगळे असले तरी एक गोष्ट तिन्ही ठिकाणी समान आहे. कोणीतरी वेळीच जबाबदारी पत्करली म्हणून ही घरे उरली.

जबाबदारी पत्करल्यावरही सावधगिरी संपत नाही. ७ जुलै २०२० रोजी सायंकाळी राजगृहाच्या आवारात शिरून काही समाजकंटकांनी झाडांच्या कुंड्या, खिडकीच्या काचा आणि कॅमेऱ्याची मोडतोड केली. राज्यभर संताप व्यक्त झाला. अशा वेळी आंबेडकर कुटुंबीयांनी लोकांना शांततेचे आवाहन केले आणि ते आवाहन पाळले गेले. त्यानंतर घराभोवती पोलीस बंदोबस्त ठेवण्यात आला. चाळीतून निघून कायद्याच्या मार्गाने देशाला संविधान देणाऱ्या पुरुषाच्या घराचे रक्षण संयमाने व्हावे, हे त्याच्या शिकवणुकीस साजेसेच झाले.

भेट देणाऱ्यांसाठी

ज्यांना या वास्तूंचे दर्शन घ्यावयाचे आहे त्यांनी थोडी पूर्वतयारी करावी. राजगृह दादर स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथून पश्चिमेस चैत्यभूमीही जवळच आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणे एका दिवसात सहज पाहून होतात. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिल या दिवशी गर्दी अलोट असते. श्रद्धेने जावयाचे तर ते दिवस आहेतच, परंतु मुलांना घेऊन निवांतपणे पाहावयाचे असेल तर इतर दिवस निवडावेत आणि संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्यावी. हे कुटुंबाचे राहते घर आहे आणि हिंदू कॉलनी ही राहती वसाहत आहे, याचे भान ठेवून मोठ्याने बोलणे व जिन्याकडे गर्दी करणे टाळावे.

ज्यांना अधिक पाहण्याची इच्छा आहे त्यांनी पुण्यातील सिम्बायोसिस संस्थेचे डॉ. आंबेडकर संग्रहालय पाहावे. माईसाहेब सविता आंबेडकर यांनी दिलेल्या अनेक वस्तू आणि १९९० मध्ये मरणोत्तर प्रदान झालेले 'भारतरत्न' तेथे आहे. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनातही बाबासाहेबांचे पोशाख, टंकलेखन यंत्र आणि इतर वस्तू जतन केलेल्या आहेत. एकाच माणसाचे जीवन राज्यभर असे विखुरलेले असल्याने शाळा-महाविद्यालयांनी सहलींची आखणी करताना त्या त्या ठिकाणांचा क्रम लावून दिल्यास मुलांना चरित्र नकाशावर वाचता येईल.

शिक्षकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. अशा घरात मुलांना नेल्यावर त्यांना तारखा विचारू नयेत. खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजावयास सांगावी. ती आपल्या घरातील खोलीशी ताडून पाहावयास सांगावी. उजेड कोठून येतो ते पाहावयास सांगावे. कोणती वस्तू नाही, हेही विचारावे. ग्रंथांसाठी बांधलेल्या घरात बहुतेक ग्रंथ आज नाहीत, हे मुलांनी स्वतः ओळखले म्हणजे पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडून येईल, आणि त्याचे उत्तर देताना शिक्षकाला सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांचा इतिहास सांगता येईल.

परतीच्या वाटेवर

रात्रीच्या गाडीने आम्ही परत निघालो. गुरुजी फारसे बोलले नाहीत. शहरात उतरल्यावर हर्सूलची वाट धरण्याआधी त्यांनी रिक्षा नागसेनवनाकडे घ्यावयास सांगितली. सकाळची वेळ होती. ग्रंथालयाचे दार उघडावयाचे होते आणि बाहेरच्या पायरीवर चार-पाच मुले दप्तरे मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजींनी त्यातल्या एकाला विचारले, "कोठला रे बाळा तू?" त्याने एका लहानशा खेड्याचे नाव सांगितले. "घरी अभ्यासाला जागा आहे का?" असे विचारताच तो हसला आणि म्हणाला, "जागा असती तर इतक्या सकाळी येथे कशाला आलो असतो, आजोबा?"

दादरला आम्ही जे घर पाहून आलो त्याचा अर्थ या मुलाने एका वाक्यात सांगितला. अभ्यासाला जागा हवी, ही राजगृहाच्या पायातील पहिली वीट आहे. ते घर होते तसे राखणे हे आपले कर्तव्य आहेच. त्याच्या जोडीने गावोगावच्या ग्रंथालयांची दारे मुलांच्या वेळेला उघडतील आणि त्यांतले दिवे उशिरापर्यंत जळतील, एवढी दक्षता प्रत्येक गावाने घेतली तर राजगृह बांधणाऱ्याचा हेतू त्याच्या चार भिंतींबाहेरही जिवंत राहील.